लेम्युएल टार्प्लीने थांबवलेलं घड्याळ

लेम्युएल टार्प्लीने आयुष्यात कोणाला उलट उत्तर दिलं नाही. आमच्या राजधानीतले गोरे लोक ही गोष्ट कौतुकाने सांगत. मी कौतुकाने सांगत नाही.

विधानभवनात तो सेनेटच्या दाराशी शिपाई होता आणि मी खाली तळघरात स्वयंपाकीण. आम्ही एका गल्लीत वाढलो, एकाच चर्चमध्ये आमचा बाप्तिस्मा झाला. वरच्या लोकांची जेवणं उरकली की तो खाली यायचा, माझ्या टेबलाशी बसायचा आणि पेल्यातल्या ताकात मक्याचा पाव कुस्करून चमच्याने खायचा. सावकाश, मिशीला थेंब न लागू देता. त्याच्या त्या नेमस्तपणाचा मला राग यायचा, आणि तो आला नाही तर चैनही पडायचं नाही.

वर त्याचं काम म्हणजे पिकदाण्या धुणं, बाकं पुसणं, दार उघडणं आणि मिटणं, आणि दाराच्या वर टांगलेल्या मोठ्या घड्याळाला दर सोमवारी शिडीवर चढून चावी देणं. मिसरूड न फुटलेला एखाद्या सदस्याचा मुलगाही त्याला 'काका' म्हणायचा आणि वर 'तू' म्हणायचा. आमच्या माणसाला 'मिस्टर' म्हणायला त्यांची जीभ उचलत नसे. काका म्हटलं की त्यांना वाटे, फार मान दिला.

घड्याळाचं आणखी एक काम असे. आमच्या सेनेटचं अधिवेशन वर्षाआड भरायचं, आणि राज्याच्या घटनेत लिहिलेलं होतं की शेवटच्या दिवशी संध्याकाळी सहाला ते संपलंच पाहिजे. सहानंतर केलेलं काहीही कायद्यात धरायचं नाही. पण या लोकांचं काम सहाच्या आत उरकलेलं कोणी पाहिलं नव्हतं. म्हणून एक रीत पडली होती. सहा वाजायला थोडा वेळ असताना सभापती डोळ्यांवरचा चष्मा काढून रुमालाने पुसायचे. मग शिपायाने शिडी लावून चढायचं, घड्याळाचं काचेचं दार उघडायचं आणि लंबक हाताने धरून थांबवायचा. भिंतीवर मग सहा वाजतच नसत. बाहेर रस्त्यावरचे दिवे लागले तरी आत सहाला पाच मिनिटं कमीच. त्या पाच मिनिटांत पूल, रस्ते, दारूचे परवाने, मेव्हण्यांच्या नोकऱ्या, सगळं मंजूर व्हायचं.

हे कुठे लिहिलेलं नव्हतं आणि कोणी तोंडाने बोलतही नसे. लेम्युएलच्या आधीच्या म्हाताऱ्या शिपायाने त्याला शिकवताना एवढंच सांगितलं होतं, "विचारायचं नाही. चष्मा पुसला की चढायचं."

तो चढला की सदस्य बाकं बडवत, कागदाचे बोळे करून त्याला मारत. "चढला रे, आपला यहोशवा चढला," म्हणून ओरडत. बायबलातल्या यहोशवाने लढाई पुरी होईपर्यंत सूर्य थांबवून धरला होता, त्यावरून. चर्चमध्ये आमची माणसंही त्याला यहोशवा म्हणून चिडवत, पण ते घरचं चिडवणं. त्याला ते आवडायचं. नोकरीला वीस वर्षं झाली तेव्हा सेनेटने त्याला खिशात ठेवायचं चांदीचं घड्याळ दिलं. ते तो रविवारी कोटाला साखळी लावून मिरवायचा.

बायको लवकर गेलेली. मुलगी एकच, अर्लीथा. शाळेत शिकवायची, आणि आवाज असा की ती गायला लागली की आमच्या चर्चमधल्या भांडकुदळ बायकासुद्धा गप्प बसत. तिला टीबी झाला. त्याच हिवाळ्यात माझ्या धाकट्या बहिणीलाही झाला, फेबीला. फेबी गोऱ्यांच्या घरचे कपडे धुवायची आणि इस्त्री करायची.

तोवर टीबीवर औषध निघालं होतं. खाटेवर पडून राहिलं, सुया टोचून घेतल्या, तर माणूस उठत होता. प्रश्न खाटेचा होता. गावाबाहेर पाइनच्या टेकडीवर गोऱ्यांचं सॅनिटोरियम होतं, आणि त्याच्या मागे धोबीघराला लागून आमच्यासाठी एक बराक. गोरे बरे होऊन घरी गेले होते. त्यांच्या खाटा ओळीने रिकाम्या पडलेल्या, आणि त्यांच्यावरच्या न मळलेल्या चादरी दर आठवड्याला बदलल्या जात. बराकीत मात्र पाय ठेवायला जागा नाही. तिथलं कोणी मेलं की पुढच्याचा नंबर लागायचा. मी देवाला मानणारी बाई आहे, पण त्या हिवाळ्यात लेम्युएल आणि मी जेवता जेवता बराकीत कोणाचं बिघडलंय याची चौकशी करायचो आणि मग एकमेकांकडे बघायचं टाळायचो. फेबीचा नंबर आधी होता, अर्लीथाचा तिच्या मागे.

काळ्या-गोऱ्या पोरांना एकाच शाळेत बसवा, असा निकाल वॉशिंग्टनच्या कोर्टाने दिल्यापासून हवा तापलेलीच होती. आमचं राज्य धड दक्षिणेतलं नाही, धड उत्तरेतलं नाही. 'फक्त गोऱ्यांसाठी'च्या पाट्या तेवढ्या दक्षिणेच्या. अशात डेस नावाच्या एका तरुण सदस्याने विधेयक आणलं, की सॅनिटोरियमच्या खाटा आजार बघून द्याव्यात, कातडी बघून नव्हे. दोन दोन इस्पितळं पोसायची कशाला, म्हणून खालच्या सभागृहातल्या कंजुषांनी ते पास करून टाकलं. माणुसकीपोटी मत देणारे अगदी मोजके. पण मत ते मत. अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी ते सेनेटपुढे आलं, आणि कुजबुज अशी होती की एका मताने का होईना, पास होईल.

विरोधाला ब्रॉयहिल उभा राहिला. तंबाखूची मोठी शेती, पांढरे केस, मधाळ गळा. मी कॉफीचा ट्रे घेऊन दाराशी लेम्युएलच्या शेजारी उभी होते.

"सभापती महाराज," तो म्हणाला, "माझ्या घरी स्वयंपाकाला काळी बाई आहे. माझ्या पोरांना काळ्या बाईने अंगाखांद्यावर वाढवलं. माझं त्यांच्यावर प्रेम नाही असं कोणी म्हणून दाखवावं. पण माझी आई ज्या चादरीवर निजणार, त्या चादरीला आधी कोणाचं अंग लागलं, एवढं विचारायचा मला हक्क आहे की नाही?"

त्याच्या आईच्या चादरी फेबी धुवायची. खोकत धुवायची, खोकत इस्त्री करायची आणि टोपलीत घड्या रचून त्याच्या मागच्या दाराशी नेऊन ठेवायची. मला हसू आवरेना. ट्रेमधल्या बशा वाजायला लागल्या तेव्हा लेम्युएलने हळूच ट्रेला हात लावला.

डेस उठून म्हणाला, "टीबीच्या जंतूला रंग कळतो, असं सदस्यांचं म्हणणं आहे का?"

"कळतो," ब्रॉयहिल म्हणाला. "जंतूला कळतो, कुत्र्याला कळतो, कोंबडीलाही कळतो. वकिलाला तेवढा कळत नाही."

सभागृह खो खो हसलं. डेस वकील होता. तोही थोडासा हसला, आणि ते मला त्याचं आवडलं नाही.

मग ब्रॉयहिलने दाराकडे बोट केलं. "ज्यांच्यासाठी हे गळे काढणं चाललंय त्यांना कोणी विचारलंय का? हा आपला लेम. लेम, इकडे बघ बाबा. तुझी आमच्याविरुद्ध काही तक्रार आहे का रे?"

सगळ्या माना वळल्या. दारावरच्या घड्याळाच्या वर आमच्या लोकांची वेगळी गॅलरी होती, तीही गच्च भरलेली. घरी अर्लीथा कुशीवर वळून भांड्यात रक्त थुंकत होती. ते भांडं सकाळी लेम्युएलनेच धुऊन ठेवलेलं.

"नाही साहेब," तो म्हणाला.

"बघा," ब्रॉयहिल हात पसरून म्हणाला, आणि लोकांनी बाकं बडवली.

"जीभ झडली का तुझी?" मी दातांतल्या दातांत विचारलं.

"एका मताचा प्रश्न आहे, मोझेल," तो पुटपुटला. "मी तोंड उघडलं आणि त्यातल्या एकाचं डोकं फिरलं तर?"

तो म्हणत होता ते खरंच होतं. आमच्या उद्धटपणाचा राग येऊन आपलं मत फिरवणाऱ्या माणसांना मी रोज जेवण वाढत होते.

ब्रॉयहिल थांबेना. दिवस असाच बोलून काढायचा आणि सहा वाजवायचे, हा त्याचा बेत सगळ्यांना दिसत होता. त्याने मासे धरण्याच्या गोष्टी सांगितल्या. आजीची हॅम मुरवायची कृती सांगितली, तीही चुकीची. डेसची माणसं घड्याळाकडे बघत आणि मग सभापतींकडे. सभापती क्लेबोर्न गेंड्यासारखे निवांत बसलेले. गॅलरीत आमच्या बायकांचे ओठ हलत होते. प्रत्येक जण देवाकडे एकच मागत होता, की या म्हाताऱ्याला चष्मा पुसायची बुद्धी दे.

आणि क्लेबोर्ननी चष्मा काढला. रुमाल काढला. एक काच पुसली, मग दुसरी.

लेम्युएलने शिडी लावली. इतर वेळी तो जपून, एकेक पायरी चाचपत चढायचा. त्या दिवशी पन्नाशी उलटलेला माणूस पोरासारखा चढला. त्याने लंबक धरला. बोळे आले, टाळ्या आल्या, यहोशवाही आला. ब्रॉयहिलने लगेच बोलणं आवरलं. "घसा बसला," म्हणून हसत खाली बसला. मला ते तेव्हाच खटकलं, पण आनंदात माणूस अशा गोष्टी झटकून टाकतं.

आधी घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानाचं विधेयक पास झालं. मग सदस्यांच्या स्वतःच्या पेन्शनीचं, एकही हात विरोधात वर न होता. मग खाटांचं. नावं पुकारली गेली, आणि ते एका मताने पास झालं.

आमच्या गॅलरीत टाळ्या वाजवायला बंदी होती. कोणी वाजवल्या नाहीत. फक्त सगळे उभे राहिले.

"खाट मिळाली, मोझेल," लेम्युएल म्हणाला. "दोघींनाही."

तेव्हा ब्रॉयहिल उठला. "सभापती महाराज, एक शंका आहे. हे मतदान सहाच्या आत झालं की नंतर?"

वीस-बावीस वर्षांत असला प्रश्न त्या भिंतींनी ऐकला नव्हता.

"भिंतीवरच्या घड्याळात सहाला पाच मिनिटं आहेत," डेस घाईने म्हणाला.

"ते घड्याळ चालू नाही. ते कोणी थांबवलं ते शिपायाला विचारावं अशी माझी विनंती आहे."

लेम्युएलला पुढे बोलावलं. सभापतींच्या आसनासमोरच्या मोकळ्या जागेत त्याला उभं केलं, जिथे गव्हर्नर उभा राहून भाषण करतो. गुलामगिरी संपल्यावर थोडी वर्षं आमचे लोक इथे निवडून येत, त्या आजोबांच्या काळानंतर त्या जागेवरून बोलणारा तो पहिला काळा माणूस. हातात टोपी, चौघडी घातलेली.

"लेम," ब्रॉयहिल अगदी मायेने म्हणाला, "तू देवाला भिऊन वागणारा माणूस. खरं बोलशील ना?"

"हो साहेब."

"घड्याळ तू थांबवलंस?"

"हो साहेब."

"कोणी सांगितलं?"

लेम्युएलने सभापतींकडे पाहिलं. ते समोरचे कागद सारखे करत होते.

"इथल्या कोणी, आज किंवा कधीही, तुला तोंडाने सांगितलं का, की घड्याळ थांबव म्हणून?"

"तोंडाने नाही, साहेब. तोंडाने कधीच कोणी सांगितलं नाही."

"म्हणजे तू आपल्या मनाने थांबवलंस."

"सभापतीसाहेबांनी चष्मा पुसला."

हसण्याचा असा गडगडाट झाला की काही जणांना ठसका लागला. क्लेबोर्नही हसले. "पुसला असेल बुवा," ते म्हणाले. "वाफेच्या नळ्या तापल्यात. काचा धुरकट होतात."

"लेम," ब्रॉयहिलने विचारलं, "माणूस चष्मा पुसतो, त्याचा अर्थ काय होतो?"

लेम्युएलने टोपीची घडी उलगडली आणि पुन्हा घातली. त्याला काय काय सांगता आलं असतं, ते मी तेव्हापासून हजारदा मनात बोलून पाहिलंय. यांनी किती किती रात्रीपर्यंत घड्याळ थांबवून कोणाकोणाचे खिसे भरले, ते सगळं त्याच्या देखत झालेलं.

"चष्मा मळलाय, असा होतो, साहेब," तो म्हणाला.

"शाबास. आता तुझ्या खिशातलं घड्याळ काढ. आम्हीच दिलंय ना तुला? चांगलं चालतं?"

"हो साहेब."

"किती वाजलेत?"

त्याने चांदीचं झाकण उघडलं. "साडेसहा होत आलेत, साहेब."

क्लेबोर्ननी हातोडा आपटला. अधिवेशन सहाला संपलेलं, सबब हे मतदान रद्द. डेस उठून म्हणाला, मग शर्यतीचं मैदान आणि पेन्शनही त्याच थांबलेल्या घड्याळाखाली पास झाली, तीही रद्द करा. क्लेबोर्न म्हणाले, त्यांवर कोणी हरकत घेतलेली नाही. सन्माननीय सदस्य डेस यांना घ्यायची आहे का?

डेस उभा होता. त्याच्या बाजूने मत दिलेली सगळी माणसं त्याच्याकडे बघत होती. मागून एकाने त्याच्या कोटाचं टोक ओढलं. डेस खाली बसला.

ब्रॉयहिल बाहेर पडताना दाराशी थांबला आणि लेम्युएलच्या खांद्यावर थाप मारून म्हणाला, "खरं बोललास, लेम. मी विसरणार नाही." खाली येऊन पाहते तो त्याच्या मंडळींसाठी पीचचं आइस्क्रीम लावायची तयारी चाललेली. ते त्याने दुपारीच सांगून ठेवलं होतं, सात वाजताचं. मीच ते भांड्यात फिरवून गोठवलं होतं, कशासाठी ते तेव्हा न कळता.

तो विसरला नाही. त्याच आठवड्यात लेम्युएल खाली आला आणि ताकाचा पेला तसाच पुढे ठेवून बसला.

"बराकीत खाट रिकामी झालीय," तो म्हणाला. "ब्रॉयहिलसाहेबांनी फोन केला. अर्लीथाला द्या म्हणाले."

"पुढचा नंबर फेबीचा आहे."

"माहीत आहे."

"मग?"

"तिला काल पुन्हा रक्त पडलं, मोझेल. वाटीभर."

"फेबीलाही पडतं."

त्याने पावाचा तुकडा हातात घेतला आणि परत ठेवला. "तू नको म्हण. तू नको म्हणालीस तर मी जाऊन सांगतो, नको म्हणून."

"हे माझ्या गळ्यात घालू नकोस," मी म्हणाले. "तुझ्या पोरीला मरू दे असं मी म्हणायचं, आणि जन्मभर तू ते लक्षात ठेवणार. मी तसं म्हणणार नाही. आणि घे असंही म्हणणार नाही. ऊठ माझ्या टेबलावरून."

तो उठला. पेला धुतला, पालथा घातला आणि गेला. खाट त्याने घेतली.

फेबीसाठी मिळाली असती तर मीही घेतली असती. मागेपुढे पाहिलं नसतं. म्हणूनच मला त्याचा राग जास्त आला, आणि अजून येतो.

फेबीला मी सांगितलं तेव्हा ती इस्त्री करत होती. तिने चादरीची घडी पुरी केली. "अर्लीथा गाते चांगली," ती म्हणाली. मग जरा वेळाने म्हणाली, "मी काय, इस्त्रीच करते."

शरद ऋतूत ती गेली. प्रेत घरात असताना ब्रॉयहिलच्या घरचा माणूस मागच्या दाराशी आला. चादरी झाल्या का, ते विचारायला त्याला पाठवलं होतं. मी त्याला ओल्याच देऊन टाकल्या.

चर्चमध्ये लोकांनी आपापला हिशेब जुळवला. पोरीच्या खाटेसाठी लेम्युएलने आपल्या सगळ्यांच्या खाटा विकल्या, असं ठरलं. यहोशवाचा येशूला विकणारा यहूदा झाला. तसं नव्हतं हे मी सांगत होते, पण मी सांगतानाच माझा चेहरा असा होई की लोकांना त्यांचंच खरं वाटे. त्याला डीकनच्या, म्हणजे चर्चच्या कारभाऱ्यांच्या, पुढच्या बाकावरून उठवलं. तो शेवटच्या बाकावर, दाराजवळ बसायला लागला. तिथेही तो दार उघडून देत होता. माझ्या स्वयंपाकघरात तो आला नाही. जेवायच्या वेळी वरच नळाचं पाणी पितो, असं कळलं.

सेनेटने त्याला नोकरीवरून काढलं नाही. इतका खरं बोलणारा शिपाई कुठे मिळणार, असं क्लेबोर्न पाहुण्यांना सांगत आणि ती चष्म्याची गोष्ट रंगवून सांगत.

पुढचं अधिवेशन आलं. या वेळी विधेयक ब्रॉयहिलचं होतं. कोर्टाने जिथे जिथे काळ्या-गोऱ्यांना एकत्र करायला सांगितलं, ती शाळा, ते इस्पितळ, ती बाग गव्हर्नरने सरळ बंद करून टाकावी, असा त्याला अधिकार. शेवटचा दिवस उजाडला, आणि डेसच्या लोकांनी ब्रॉयहिलचंच औषध ब्रॉयहिलला दिलं. एकामागून एक उठून बोलत राहिले. जिल्ह्यांची वर्णनं, बायबलचे उतारे, रस्त्यावरचे खड्डे. सहा वाजवायचे होते.

गावभर झालं होतं की आता सगळं लेम्युएलवर आहे. त्याला काही करायचंच नव्हतं. नुसतं उभं राहायचं होतं. चष्मा पुसला तर पुसू द्यायचा. कोणी विचारलं तर त्यांचेच शब्द त्यांना ऐकवायचे, की तोंडाने मला कोणी सांगितलं नाही, साहेब. आमची गॅलरी चर्चसारखी भरली होती. मी एप्रन काढून ठेवला आणि कामाच्या वेळी पहिल्यांदाच वर जाऊन बसले. दोन वर्षांत मी त्याच्यासाठी प्रार्थना केली नव्हती. त्या दिवशी केली.

दुपारी ब्रॉयहिल दारातून आत येताना त्याच्याजवळ थांबला होता. कठड्यावरून वाकलं की खालचं सगळं ऐकू येई.

"पोरगी कशी आहे, लेम?"

"बरी आहे, साहेब. आपली कृपा."

"डॉक्टर म्हणतात, अजून काही महिने तिथेच ठेवली तर टिकेल. खाटेला मागणी फार आहे म्हणे. ठेवूया ना?"

"हो साहेब."

सहा वाजत आले. डेस बोलत होता. क्लेबोर्ननी चष्मा काढला आणि रुमाल काढला. ते पुसत राहिले, सावकाश, काचेवर काहीच नसताना.

लेम्युएल जागचा हलला नाही. क्लेबोर्ननी चष्मा उजेडाकडे धरला, पाहिला आणि पुन्हा पुसायला घेतला. ब्रॉयहिलने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

मग लेम्युएलने शिडी उचलली.

तो सावकाश चढला, एकेक पायरी चाचपत. या वेळी बोळे आले नाहीत, टाळ्याही नाहीत. त्याने काचेचं दार उघडलं आणि लंबक धरला. त्याचं तोंड आमच्या गॅलरीच्या समोरच होतं. त्याने डोळे मिटून घेतले होते. माझ्या मागच्या रांगेत कोणीतरी थुंकलं.

डेसने हरकत घेतली. घड्याळ थांबवलंय, सहा वाजून गेलेत. क्लेबोर्न म्हणाले, सभागृहाला भिंतीवरच्या घड्याळाखेरीज दुसरं घड्याळ ठाऊक नाही. डेस म्हणाला, शिपायाला बोलवा, मागे बोलावलं होतं. क्लेबोर्न म्हणाले, शिपाई या सभागृहाचा सदस्य नाही, आणि परक्याला इथे बोलता येत नाही. विधेयक पास झालं. आमच्याबरोबर एका पाण्यात उतरावं लागू नये म्हणून उन्हाळ्यात पालिकेचा पोहण्याचा तलाव मातीने भरून टाकला, आणि मग एकेक बंद होत गेलं.

मी खाली येऊन भांडी काढली. त्याच्यासाठी दोन वर्षं साठवलेले शब्द माझ्या तोंडात तयार होते. तो जिन्याने खाली आला आणि टेबलाशी न बसता उभा राहिला.

"अर्लीथा काल खिडकीपर्यंत चालत गेली," तो म्हणाला. "कोणाचा हात न धरता."

मला फेबी आठवली, तिची इस्त्री आठवली.

"गाते का?" मी विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "एक फुप्फुस कापून काढलंय. आता गाणं व्हायचं नाही म्हणतात."

तो टोपीची कड बोटांनी फिरवत राहिला. मी पेल्यात ताक ओतलं, मक्याचा पाव त्याच्यापुढे ठेवला आणि भांडी घासायला वळले.